पहिल्या विटेचे भांडण

गेल्या वर्षी एका वाक्यावरून माझ्या हातचे काम गेले. काम साधे होते : एका फिरत्या प्रदर्शनाचे इंग्रजी फलक मराठीत आणायचे. त्यात एक फलक दायमाबादचा होता. प्रवरेच्या काठच्या त्या टेकाडात, उत्तरकालीन हडप्पा स्तरात, कच्च्या विटांनी बांधून काढलेली एक कबर मिळाली. त्या विटांची जाडी, रुंदी आणि लांबी १:२:४ या हडप्पाच्या ठरावीक प्रमाणात आहे. मुळात एवढेच लिहिले होते, आणि मी मराठीत एवढेच आणले. मसुदा परत आला तेव्हा माझे वाक्य खोडलेले होते आणि त्याच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते : ‘आपल्या पूर्वजांनी महाराष्ट्राच्या मातीत घडवलेली पहिली वीट’.

मी तीन प्रश्न विचारले. पूर्वज ‘आपले’ कशावरून? तेव्हा ‘महाराष्ट्र’ कुठे होता? आणि ‘पहिली’ असे कोणत्या उत्खनकाने म्हटले आहे? उत्तर आले, ‘‘मॅडम, लोकांना आपलेपणा वाटला पाहिजे ना.’’ मी ते वाक्य माझ्या नावाने जाऊ देणार नाही असे कळवले. काम दुसऱ्याकडे गेले. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तरी हेच झाले असते, म्हणून त्यांचे नाव घेत नाही. माझे भांडण त्या माणसांशी नाही, त्या वाक्याशी आहे. ते वाक्य आपण सगळेच, रोज, वेगवेगळ्या भाषांत लिहीत असतो.

मी मल्लेश्वरमला राहते. इथल्या काडु मल्लेश्वराच्या देवळाशी निगडित १६६९ सालचा एक शिलालेख आहे. व्यंकोजी उर्फ एकोजी भोसल्यांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाने, या देवाला मेदारनिंगनहळ्ळी नावाचे गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. बेंगळुरूतल्या मराठी माणसाला हा लेख पाठ असतो. पुण्याहून मामा-मामी आले की मीही त्यांना संपिगे रोडवरून चालत तिथे नेते आणि सांगते, ‘‘बघा, आपण इथे साडेतीनशे वर्षांपूर्वीपासून आहोत.’’ मामा खूश होतात. मग एकदा एका कन्नड मैत्रिणीने, जिच्याबरोबर मी भाषांतराची बरीच कामे करते, मला त्या गावाच्या नावाची फोड करून दाखवली. मेदार निंगाची हळ्ळी. मेदार म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपे, हारे विणणारे, आपल्याकडचे बुरूड. देणाऱ्याचे नाव आम्हाला पाठ होते, घेणाऱ्या देवाचे नाव तर वस्तीलाच मिळाले. गावाच्या नावातच बसलेला बुरूड मात्र मला इतक्या वर्षांत दिसला नव्हता. ‘आपण इथे आधीपासून आहोत’ हे सिद्ध करायच्या घाईत मी तो ओलांडून गेले होते.

विटेचेही तसेच आहे, असे माझे म्हणणे आहे. पहिली वीट कोणाची, या प्रश्नाने आपण विटेचा पुरावाच वाचेनासे झालो आहोत.

आधी पुरावा काय सांगतो ते पाहू. दायमाबाद श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या काठावर आहे. भा. पु. बोपर्डीकरांनी १९५८ साली ते शोधले. मग म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि शेवटी १९७९ पर्यंत स. अ. साळी यांनी तिथे उत्खनन केले. सावळदा, उत्तरकालीन हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच वस्त्या एकावर एक सापडल्या. विटांची ती कबर दुसऱ्या वस्तीतली, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकाच्या अखेरीकडची. १:२:४ हे प्रमाण शोभेसाठी नसते. रुंदी लांबीच्या निम्मी असली की दोन आडव्या विटा मिळून एका उभ्या विटेएवढ्या भरतात, आणि सांध्यावर सांधा येऊ न देता भिंत चढवता येते. आजचा गवंडी हेच करतो. म्हणजे ती वीट थापणाऱ्याच्या साच्यात सिंधूच्या खोऱ्यातल्या शेकडो वर्षांच्या गवंडीकामाचा हिशेब होता. तो हिशेब प्रवरेच्या काठी कोणी चालत घेऊन आले की ऐकून शिकले, हे विटेवर लिहिलेले नाही. पण ती ‘इथलीच’ आणि ‘पहिली’ म्हणून मिरवायची असेल, तर तिचे प्रमाणच आपल्याविरुद्ध साक्ष देते.

आणि पुढे काय झाले? अभिमानाच्या फलकावर हे कधीच येत नाही. त्याच दायमाबादला आणि घोड नदीकाठच्या इनामगावला, जिथे डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ या काळात खणले, पुढच्या शेतकऱ्यांची घरे मातीच्या भिंतींची आणि कुडाची आहेत. जोर्वे संस्कृतीच्या पहिल्या काळात इनामगावची घरे मोठी, चौकोनी होती. शेवटच्या काळात लहान, गोल झोपड्या आल्या. म. के. ढवळीकरांनी त्याचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी, पिके हातची जाण्याशी लावला. साच्यातली प्रमाणबद्ध वीट माहीत होती, तरी ती मागे पडली. पुढे भाजलेली वीट आपल्याकडे ढिगाने दिसते ती सातवाहनांच्या काळात : नेवाशाला प्रवरेकाठी, कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत, तेरला तेरणेकाठी. मधे हजाराहून जास्त वर्षे गेली.

‘पहिली वीट, मग दुसरी, मग वाडा, मग साम्राज्य’ अशी ओळीने चढणारी शिडी इथे नाहीच. वीट येते, जाते, पुन्हा येते. ती का येते आणि का जाते, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर वंशात नाही. ते नदीत आहे.

आपल्या देशावरच्या काळ्या मातीची वीट चांगली होत नाही, हे कोणताही भट्टीवाला सांगेल. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, भेगाळते. विटेला हवा असतो नदीचा गाळ : पुराने चाळून, वाहून आणून काठावर पसरलेला, ज्यात रेती आणि चिकणमाती यांचे माप नदीनेच घातलेले असते. त्यात तूस, भुसा, राख कालवायची, चिखल तुडवायचा, मुरवायचा, साच्यात थापायचा, उन्हात उलटसुलट वाळवायचा. कच्ची वीट इथे संपते. पक्की हवी असेल तर भट्टीत आठ-नऊशे अंशांपर्यंत ताव न्यावा लागतो आणि तो टिकवावा लागतो. त्याला झाडे लागतात, शेणी लागतात, आणि शेतातून मोकळे झालेले पुष्कळ हात लागतात. म्हणून नदीकाठची जुनी वीट पाहिली की मला कोणाचा झेंडा दिसत नाही. त्या वर्षी गाळ होता, सरपण होते, धान्य उरत होते आणि माणसांना राबवता येत होते, एवढे दिसते. यातले एक जरी आटले तरी वीट थांबते आणि माणूस पुन्हा कुडाच्या भिंतीकडे वळतो. त्यात त्याची अक्कल कमी झालेली नसते.

‘पहिली’ म्हणायचेच असेल तर नकाशा मोठा करावा लागेल. बलुचिस्तानात, बोलन नदीजवळच्या मेहरगढला इसवी सनापूर्वी ७००० च्या सुमारास लोक कच्च्या विटांच्या घरांत राहत होते. तेव्हा त्यांना अजून मडकेही घडवता येत नव्हते. जॉर्डनच्या खोऱ्यात जेरिकोला साच्याशिवाय हातांनी वळलेल्या लांबट विटा आहेत, आणि त्यांच्या पाठीवर अंगठ्याने दाबून उठवलेल्या तिरप्या खुणांच्या ओळी आहेत. चिखलाचा गिलावा धरून राहावा म्हणून त्या केल्या असाव्यात. जगातल्या सगळ्यात जुन्या विटांपैकी काहींवर सही आहे ती अशी, अंगठ्याची. राजाचे नाव विटेवर यायला अजून पुष्कळ वेळ होता.

आता शब्दाकडे येते, कारण माझी रोजी त्याच्यावर चालते. मराठी ‘वीट’, हिंदी ‘ईंट’, प्राकृत ‘इट्टा’, संस्कृत ‘इष्टका’ ही ओळ सगळ्यांना ठाऊक असते. पण मल्लेश्वरमच्या कुठल्याही बांधकामावर ऐकू येणारा कन्नड ‘इट्टिगे’ त्याच घरातला, आणि तेलुगू ‘इटुक’ही. पश्चिमेकडे गेलात तर प्राचीन फारसीत ‘इष्टि’ म्हणजे वीटच. आणि ऋग्वेदात हा शब्द येत नाही. तो येतो यजुर्वेदाच्या परंपरेत, अग्निचयनाच्या वेदीसाठी. म्हणजे ज्यांच्या ग्रंथांनी विटेला मंत्र दिले, त्यांना वीट इतरांकडून मिळाली असणे शक्य आहे. असा अंदाज करणारे अभ्यासक आहेत आणि तो खोडू पाहणारेही आहेत. मराठी आणि कन्नड या दोन भाषा सीमेवर एकमेकींच्या पाट्यांना काळे फासतात, पण आपापली घरे बांधतात ती एकाच शब्दाने. शब्दावरून मालकी सांगायला निघालो तर आपण दोघेही कुळेच ठरू.

इथे कोणी पंढरपूर काढेल, आणि काढलेच पाहिजे. मराठीतली सगळ्यात प्रसिद्ध वीट भीमेच्या वाळवंटातलीच. पुंडलिक आई-बापांची सेवा करत होता, दारात देव आला, उठायला सवड नव्हती म्हणून त्याने वीट सरकवली. त्या देवाच्या मराठी-कानडीपणावर आपण पिढ्यान्पिढ्या भांडलो. रा. चिं. ढेऱ्यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ लिहून त्या भांडणाचे उत्तर नावातच दिले : ‘कोणाचा’ हा प्रश्नच सोडा, धनगर-गवळ्यांच्या पायवाटांनी हा देव कसा घडत आला ते पाहा. पण मला आणखी एक विचारायचे आहे. पुंडलिकाच्या दारात ती वीट आली कुठून? कोणीतरी भीमेचा गाळ तुडवला असेल, थापला असेल, वाळवला असेल. देव, भक्त आणि आई-बाप यांना कथेत जागा आहे. थापणाऱ्याला नाही.

तेरला गेल्यावर ही रिकामी जागा फार बोचते. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतातले तगर, पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवरचे, जिथून कापड भडोचच्या बंदराकडे जाई. तिथे १९५७-५८ साली बा. ना. चापेकरांनी उत्खनन केले. तिथले त्रिविक्रमाचे देऊळ विटांचे आहे, पाठीमागे अर्धगोल; मुळात ते बौद्ध चैत्यगृह असावे हे अभ्यासकांनी फार पूर्वीच ओळखले. उत्तरेश्वराचे देऊळही विटांचेच, कोरीव. आणि याच गावात तेराव्या शतकातल्या गोरा कुंभाराचे घर दाखवतात. हजार-बाराशे वर्षांच्या अंतराने, त्याच तेरणेच्या गाळात, विटा आणि मडकी. गोरोबाकाकांच्या दोन कथा महाराष्ट्राला माहीत आहेत. एकीत भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना पोर पायाखाली येते. दुसरीत ते थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहतात आणि नामदेवाला कच्चे ठरवतात. कीर्तनात पहिलीतून भक्ती घेतात, दुसरीतून गुरूची गरज. मी त्यात आणखी एक वाचते : या माणसाला मातीचा आवाज कळत होता. भाजलेले आणि न भाजलेले यांतला फरक ठोकून ऐकणे हे कुंभाराचे ज्ञान आहे, आणि आपल्या संतकथेने ते उसने घेतले. उसने घेतल्याची नोंद मात्र ठेवली नाही.

आता व्याकरणावर येऊ, कारण हे सगळे व्याकरणातून घडते. उत्खननाच्या अहवालांत विटा ‘आढळतात’, ‘वापरल्या जातात’, ‘दिसून येतात’. कर्ता नसतो. अहवालापुरते ते योग्यच आहे. उत्खनकाला कर्त्याचे नाव माहीत नसते आणि माहीत नसलेले तो लिहीत नाही. पण अहवाल मराठीत, फलकावर, पाठ्यपुस्तकात, भाषणात उतरतो तेव्हा भाषांतरकार आणि संपादक त्या रिकाम्या जागेत एक कर्ता आणून बसवतात. तो असतो ‘आपले पूर्वज’, ‘आपली संस्कृती’, फार तर ‘सातवाहन’. सातवाहन राजांनी विटा थापल्या नाहीत. अहवालातली जागा प्रामाणिकपणे रिकामी होती. आपण ती बेइमानीने भरली. माझे खोडलेले वाक्य हेच होते. कर्त्याच्या जागी मालक.

दायमाबादचेच दुसरे उदाहरण पाहा. तिथले चार ब्राँझ नग, बैलांचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा, मिळून साठ किलोंहून जास्त वजनाचे, देशभर गाजले. ते १९७४ साली सापडले ते पुरातत्त्वज्ञाच्या कुदळीला नाही. एका झुडपाचे मूळ खणताना छबू लक्ष्मण भिल यांना ते मिळाले. हे नाव नोंदींत आहे, कारण नोंद करणाऱ्यांनी ते लिहून ठेवले. आपल्या लोकप्रिय लेखनात किती ठिकाणी ते येते? तिथे बहुधा ‘योगायोगाने सापडले’ असते. पुन्हा कर्ता नाही. नाव हातात असतानाही आपण ते गाळतो, मग चार हजार वर्षांपूर्वीचा थापणारा गाळला जातो यात नवल काय?

माझ्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा मी टाळणार नाही. तो असा : अभिमान नसता तर खणले कोणी असते? माझ्या तमिळ शेजाऱ्यांनी हाच मुद्दा माझ्यासमोर ठेवला. वैगई नदीजवळच्या कीळडीला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या के. अमरनाथ रामकृष्ण यांनी २०१४-१५ पासून उत्खनन सुरू केले, विटांची बांधकामे उजेडात आणली. पुढे राज्याच्या खात्याने ते काम चालू ठेवले आणि तिथली नागर वस्ती इसवी सनापूर्वी सहाव्या शतकापर्यंत मागे जाते असे मांडले. रामकृष्ण यांनी जानेवारी २०२३ मध्ये दिलेला अहवाल मे २०२५ मध्ये दुरुस्त्यांसाठी परत पाठवला गेला, तेव्हा तमिळनाडू पेटून उठला. शेजारी म्हणाले, ‘‘आम्ही भांडलो नसतो तर ते खड्डे बुजून गेले असते.’’ हे खरे आहे. मला ते नाकारता येत नाही. तमिळ अभिमानाने निदान एक नदीकाठ खणून दाखवला, तिथे शाळकरी मुलांना नेले, अहवाल तमिळमध्ये उपलब्ध करून दिला.

पण मग हाच हिशेब आपल्याला लावू या. आमच्या अभिमानाने काय खणले? इनामगावचा अहवाल १९८८ साली निघाला, दायमाबादचा त्याच्या दोन वर्षे आधी, दोन्ही इंग्रजीत. ढवळीकरांसारखा विद्वान ‘महाराष्ट्राची कुळकथा’ मराठीत लिहितो तेव्हा ते त्याच्या स्वतःच्या मराठीवरच्या प्रेमाने. चाळीस वर्षे झाली. मूळ अहवाल मराठीत यावेत म्हणून कोणी मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही. पाट्यांसाठी आपण रस्त्यावर येतो. अभिमान काम करत असेल तर त्याला माझा विरोध नाही. आमचा अभिमान फलकावरचे एक वाक्य बदलतो आणि घरी जातो.

आणि तो घरी बसलेला असताना नदीकाठी काय चालले आहे? मराठीत एक सुंदर शब्द आहे : पांढरी. गावाची शेती काळीत, वस्ती पांढरीत. पिढ्यान्पिढ्यांच्या भिंती पडून, चुली विझून, राख आणि शेण मुरून जमीन पांढुरकी होते. ओसाड गावाचे ते टेकाड म्हणजे पांढर. दख्खनच्या पुरातत्त्वज्ञांनी किती तरी जुन्या वस्त्या याच शब्दाच्या बोटाला धरून शोधल्या. गावकऱ्याला ‘तुमची जुनी पांढर कुठे?’ असे विचारले की तो हात करून दाखवी. ती माती मऊ आणि हाताला चांगली, म्हणून गावे ती धाब्यासाठी, भिंतीसाठी, पिकाला खत म्हणून नेत आली. तेव्हा ती बैलगाडीने जात असे. आता जेसीबी आणि डंपरने जाते. नदीकाठचा गाळ आणि त्याला लागून असलेली पांढर, दोन्ही वीटभट्टीच्या पोटात जातात. प्रवरेसारख्या खोऱ्यांत ऊस आला तशी टेकाडे सपाट होऊन वाफे पडले. १९५८च्या कायद्याचे संरक्षण मिळते ते यादीत नाव असलेल्या स्थळाला. बहुतेक पांढरींचे नाव कोणत्याच यादीत नाही.

हे नवे नाही. १८५०च्या दशकात लाहोर-मुलतान रेल्वेमार्गाची खडी म्हणून हडप्प्याच्या भाजलेल्या विटा उकरून नेल्या गेल्या. कनिंगहॅमने लिहून ठेवले आहे की सुमारे १०० मैल मार्गाला त्या पुरल्या. त्या गोष्टीवर आपण साहेबाला नावे ठेवतो. आपल्या तालुक्यातली पांढर डंपरमध्ये भरली जाते तेव्हा आपण ‘पहिली वीट कोणाची’ यावर परिसंवाद घेत असतो. जुन्या विटेचा पुरावा नव्या विटेत भाजला जातो आहे. आणि नवी वीट थापणारी माणसे कोण? उचल घेऊन दिवाळीनंतर गाव सोडणारी, नदीकाठी प्लास्टिकच्या पालात राहणारी, हजार विटांमागे मजुरी मोजून घेणारी कुटुंबे. कातकरी, भूमिहीन, दुष्काळी तालुक्यांतली. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली संपली. उचल फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही, हे कागदावर कुठेच लिहिलेले नसते. त्यांच्या वाक्यालाही कर्ता नाही : विटा ‘येतात’, ट्रकने.

कोणी म्हणेल, ही बाई पुरातत्त्वाच्या फलकावरून वीटभट्टीच्या मजुरांवर कशी आली? मी कुठून कुठे आलेच नाही. ते एकच वाक्य आहे. जो हात चार हजार वर्षांपूर्वीच्या वाक्यातून काढून टाकता येतो, तो आजच्या वाक्यातूनही सहज निघतो. ती सवय भाषेची आहे, म्हणून तिला उत्तर देण्याची जबाबदारी आम्हा भाषेवाल्यांची आहे.

तेव्हा माझ्या मागण्या अगदी धंद्याच्या आहेत. इनामगाव आणि दायमाबादचे अहवाल मराठीत आणा. सगळे नकोत, निदान विटा, घरे, चुली, धान्य यांची प्रकरणे आणा. मी पदरमोड करून एक प्रकरण करायला तयार आहे. आणखी चार जण मिळाले तर एक पुस्तक होईल. ते कन्नडमध्ये नेणारे मला याच मल्लेश्वरममध्ये मिळतील. ‘पहिला’, ‘सर्वांत प्राचीन’, ‘आपले पूर्वज’ हे शब्द भाषांतरात मुळाबाहेरून घालायला सांगितले तर नकार द्या, आणि नकार दिल्याचे एकमेकांना सांगा. मी एकटी नकार देते तेव्हा फक्त काम जाते. जिथे कर्ता माहीत नाही तिथे ‘थापणाऱ्यांनी’ म्हणा. तो अंदाज नाही. वीट आहे म्हणजे थापणारा होता. आणि आपल्या गावच्या पांढरीचा एक फोटो काढून, जागा नोंदवून, तहसीलदाराकडे आणि पुरातत्त्व खात्याकडे अर्ज द्या. अभिमानाला तेवढे काम लावा.

आमच्या क्रॉसवरचे एक जुने घर मागच्या महिन्यात पाडले. प्लेगच्या साथीनंतर ही वस्ती आखली गेली, त्या धाटणीतले; मंगलोरी कौले, चुन्यातले बांधकाम. ढिगाऱ्याशी एक बाई बसून हातोडीने विटांचा चुना सोलत होती. जुन्या विटांना भाव चांगला मिळतो. ती दोन विटा एकमेकींवर आपटायची. खणखणीत वाजल्या तर एका बाजूला, बद्द वाजल्या तर दुसऱ्या. मी तिला माझ्या मोडक्या कन्नडमध्ये गाव विचारले. कलबुर्गीकडचे, भीमेच्या काठचे निघाले. मी म्हटले, आमचे पंढरपूरही भीमेच्याच काठी. ती हसली आणि म्हणाली, ‘‘वर्षाआड जातो आम्ही.’’ मग तिने पुढची वीट उचलली, आपटली, कान दिला, आणि ती बद्द वाजणाऱ्यांच्या ढिगात टाकली.